मांडवापाशी अडलेली गाडी

माझं डोकं गरम आहे, हे दिघ्यात कुणालाही विचारा. सीवूड्सच्या मॉलमध्ये बुटांच्या दुकानात मी दिवसभर उभी असते. गिऱ्हाइकांशी गोड बोलून बोलून राग साठतो आणि तो घरी येऊन निघतो. आई म्हणते, "उन्नती, तुझ्या जिभेला हाड नाय." नसेल. पण त्या सभेला जाताना मी मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी आज तोंड उघडायचं नाही. उघडलं तर माझा बाप तुरुंगात जाणार होता.

सभा पालिकेची होती, शाळेच्या हॉलमध्ये. आमच्या भागाला आगीची गाडी कुणाची असावी, हे ठरवायचं होतं. त्यावर भांडायला अख्खा गाव जमला होता. पण आधी मांडवाचं सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

माझा भाऊ विपुल, त्याची हळद. आम्ही आगरी. आमच्यात हळद म्हणजे घरचा कार्यक्रम नसतो, गावाचा असतो. मांडव दारात घालायचा, आणि आमचं दार गल्लीवर, म्हणून मांडव गल्लीवर आडवा. मागच्या सगळ्या चाळींना तीच एक गल्ली. कुणी काही बोलत नाही, कारण उद्या त्यांच्याही दारात लग्न असतं. सकाळी दारासमोर उंबराची मेढ, म्हणजे मांडवाचा मानाचा खांब, रोवली. धवलारणीने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हटली, आईने मेढीला हळदकुंकू लावलं. ही मेढ एकदा रोवली की लग्न लागेपर्यंत हलवायची नाही. हलली तर नवऱ्याच्या जिवावर बेततं, असं आमच्यात मानतात. आणि माझे बाबा, गोटीराम, हे हसण्यावारी नेणाऱ्यातले नाहीत. त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नात वाऱ्याने मांडव पडला, मेढ उन्मळली, आणि काका वर्षाच्या आत खाडीत बुडाला. तेव्हापासून बाबा मेढीच्या बाबतीत वेडेच आहेत.

गल्लीच्या टोकाला आमचीच चाळ. वरच्या खोलीत हौसेराव आणि वेणूबाई भाड्याने राहायचे, मूळचे साताऱ्याकडचे. हौसेराव वाशीच्या मार्केटात माथाडी. वेणूबाईला मी मावशी म्हणायचे. शाळेत असताना माझ्या वेण्या तीच घालायची, कारण माझ्या आईला माझे केस ओढल्याशिवाय वेणी घालता येत नाही. हळदीच्या दिवशी मावशी पहाटेपासून आमच्या बायकांबरोबर तांदळाच्या भाकऱ्या थापत बसली होती. दुपारी म्हणाली, "उन्नती, कंबर धरलीया बाय, जरा पडून येते." आणि वर गेली.

पंगत बसली होती. डीजे चालू होता, म्हणून आधी कुणाला ऐकूच आलं नाही. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीने पेट घेतला होता. लाकडी जिना, त्याखाली लोकांचं भंगार, जुन्या गाद्या. बघता बघता जिना पेटला आणि धूर वरच्या खोलीत शिरला. खिडकीला लोखंडी जाळी. ती जाळीही आम्हीच बसवलेली, चोर येतात म्हणून.

फोन केला आणि गाडी आली. नीट ऐका, गाडी आली. लगेच आली. पालिकेचं अजून काही ठरत नव्हतं म्हणून तात्पुरती एका खाजगी एजन्सीची गाडी ठेवली होती, लाल, छोटीशीच. शिवतेज नावाचा जवान उडी मारून उतरला आणि ओरडला, "हा खांब काढा! बाकी जागा आहे, गाडी आत घेतो!"

तो खांब म्हणजे मेढ. मांडवाचे बाकीचे खांब भिंतीला चिकटून होते. मेढच तेवढी दारासमोर, गल्लीत आलेली.

बाबा पुढे झाले. "याला हात नाय लावायचा. गारी दुसरीकरून न्या."

"दुसरीकडून रस्ता कुठाय काका?"

"मंग पाईप वोढत न्या. मेढ हलनार नाय."

शिवतेज वाद घालत बसला नाही. त्याने सरळ मेढीला हात घातला. बाबांनी नारळ फोडायचा कोयता उचलला. "हात तोरीन, आयझवाड्या! माज्या पोराच्या जिवावर उठलास?" आमचे भाऊबंद बाबांच्या बाजूने उभे राहिले. एकाने ड्रायव्हरला गाडीतून ओढून बुक्क्यांनी मारायला सुरुवात केली. हे सगळं डीजेच्या दणदणाटात. कुणालाही तो बंद करायचं सुचलं नाही.

मी धावले आणि मेढीच्या दोऱ्या सोडायला लागले. गाठी ओल्या हळदीने घट्ट बसलेल्या, नखं तुटली. बाबा ओरडले, "उन्नती, सोर!" मी म्हटलं, "नाय सोडत! मावशी आहे वर!" तेव्हा त्यांनी कोयत्याची मूठ माझ्या तोंडावर हाणली. दात माझ्या हातात आला. मी खाली पडले आणि वर बघितलं तर विपुल चौरंगावर बसलेला, अंगभर हळद, तोंड उघडं. नवऱ्याने उठायचं नसतं ना. बसला तो तसाच.

मग त्या बिचाऱ्यांनी पाइप हाताने ओढला. मांडवाखालून, पंगतीवरून, पत्रावळी तुडवत. पाइप चार घरं अलीकडे संपला. पाणी जिन्यापर्यंत पोचेचना.

मावशीचे हात जाळीतून बाहेर आले होते. ती आधी हौसेरावाला हाक मारत होती, तो तर वाशीला होता. मग मला हाक मारायला लागली. "उन्नते! ए उन्नते!" मी तोंडातून रक्त गळत तिच्या खिडकीखाली उभी, आणि मला वर जायला वाट नाही. शिवतेज गोणपाट भिजवून पाण्याशिवायच जिन्यात घुसला. अर्ध्यावर जिना खाली आला. त्याला आम्ही पायांना धरून बाहेर ओढलं तेव्हा त्याचा डावा हात कोपरापर्यंत सोलला होता. वर बघितलं तर मावशीचे हात जाळीत तसेच होते, पण हाक थांबली होती.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. हो, लागलं! मेढ राखली होती ना आम्ही.

त्यानंतर गावात एकच बोललं जायला लागलं, गाडी उशिरा आली. आधी बाबा म्हणाले, मग भाऊबंद, मग सगळेच. पोलिसांनाही तेच सांगितलं. माझ्या सुजलेल्या गालाकडे कुणी बघितलं की आई म्हणायची, मांडवात पाय अडकून पडली. शिवतेजने खरं सांगायचा प्रयत्न केला, तर एजन्सीने त्यालाच दटावलं. गावाला दुखवलं तर कंत्राट जाईल. आणि हौसेराव? हौसेराव रोज आमच्या दारात बसायचा. बाबा त्याला चहा द्यायचे, पाठीवरून हात फिरवायचे. त्या माणसाला वाटायचं, गोटीशेठसारखा आधार नाही.

तर सभा. मंजुषा मॅडम म्हणून अधिकारी बाई होत्या, त्यांनी पडद्यावर तीन पर्याय दाखवले. गावाच्या तोंडाशी मैदान आहे, तिथे पालिकेचं स्वतःचं केंद्र बांधायचं. नाहीतर आत्ताच्या एजन्सीला कायम करायचं. नाहीतर कारखान्यांच्या पट्ट्यात जे अग्निशमन दल आहे, त्यांनाच आपला भाग जोडून द्यायचा. बाई समजावून सांगत होत्या आणि मागून शिट्ट्या.

बाबा उठले. "मॅडम, मैदानाला हात लावायचा नाय. तितं आमची लग्नं होतात, पोरं खेलतात. आनि ही एजन्सी तर नकोच नको. यांची गारी उशिरा आयली म्हनून आमची वेनूबाई गेली. कारखान्यावाल्यांना द्या, विषय संपला."

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी आई होती, तिने टाळी वाजवली नाही, मांडीवरचा पदर मुठीत धरून बसली. एजन्सीची माणसं बाजूला उभी होती, त्यात शिवतेज, हाताला पट्टी. त्याच्याकडे बोट दाखवून कुणीतरी ओरडलं, "तोच तो! त्याच गाडीवर होता!"

हौसेराव उठला. आयुष्यभर पोती वाहिलेला माणूस, त्याने लोखंडी खुर्ची अशी उचलली जशी काही सुपलीच. "माझी बायकू जाळलीस रं तू," एवढंच म्हणाला आणि खुर्ची शिवतेजच्या खांद्यावर घातली. तो पडला. मग हौसेराव त्याच्या छातीवर बसून मारायला लागला. तोंडावर, कानावर, जिथे बसेल तिथे. इतरांनाही जोर आला, लाथा घालायला लागले. शिवतेज एका हाताने तोंड झाकत होता. "दादा, मीपण साताऱ्याचाच आहे, दादा, ऐका तरी," म्हणत होता. पट्टी सुटली आणि खालचं लाल मांस उघडं पडलं. कुणाचा तरी बूट त्यावर पडला. तो जे ओरडला ना, तसं मी फक्त एकदाच ऐकलं होतं, त्या खिडकीखाली.

मग तोंड न उघडायचं कसलं ठरवणं आणि कसलं काय.

मी स्टेजवर चढले आणि मॅडमच्या हातातला माइक हिसकावला. "सोडा त्याला! गाडी वेळेत आली होती! मेढ काढू दिली नाही म्हणून मावशी मेली! माझ्या बापाने गाडी अडवली, कोयता घेऊन! हा बघा माझा दात, हा मांडवात पडून नाही गेला!"

हौसेरावाची मूठ वरच राहिली.

बाबा हसले. हसले हो! "पोरगी येडी झाली हाय. तिचं आनि माजं पटत नाय, सगल्या गावाला म्हाईत हाय." भाऊबंदांनी माना हलवल्या. बाबांना ते पुरेसं वाटलं नसावं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आनि मेढीला तर हीच धरून बसली व्हती. गारी अरवली असंल तर हिनं अरवली."

मला क्षणभर कळलंच नाही की हे माझ्याबद्दल आहे. मी या माणसाला वाचवायला इतके दिवस दात गिळून बसले होते.

हौसेराव उठून माझ्या आईसमोर गेला. हातांना रक्त. "वैनी, तुमी सांगा. तुमी खोटं बोलायच्या न्हाईत."

आई कधी चार लोकांत बोलत नाही. तिने बाबांकडे बघितलं. मग पायातली चप्पल काढली, बाबांच्या जवळ गेली आणि सगळ्या गावासमोर त्यांच्या थोबाडावर हाणली. "पोरीवर घालतोस? सोताच्या पोरीवर?" दुसरी हाणली. "तूच अरवलीस. मी व्हते तितं. मी बगत व्हते."

बाबांनी आईचे केस धरले. तेवढ्यात हौसेरावाने बाबांचा गळा पकडला. भिंतीवर आपटलं, परत आपटलं. बाबांचे डोळे बाहेर यायला लागले, पाय फरशीवर घासत होते. मेले भाऊबंद मागे सरकले, आता कुणी पुढे येईना. आणि मी काय केलं माहितीये? मी उडी मारली आणि हौसेरावाच्या मनगटाला कडकडून चावले. काय करू? बाप आहे. "सोड त्यांना, काका, सोड," असं दातांतूनच म्हणत मी चावत होते आणि त्याचं रक्त माझ्या तोंडात येत होतं.

त्याने सोडलं. माझ्यासाठी नाही, त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं होतं. बाबा खाली बसून खोकत होते. हौसेरावाने त्यांना विचारलं, अगदी हळू, दम लागलेल्या आवाजात, "गोटीशेठ, ती मेढ मग काढली का न्हाय?"

बाबा गळा चोळत राहिले.

"लग्न झाल्यावर काढली आसंल की."

"काढली," विपुल म्हणाला. तो दाराशी उभा होता, नवी बायको मागे. तो इतका वेळ तिथेच होता, हे मला तेव्हा कळलं.

"कुणी?"

"मीच."

"कुदळ लागली?"

विपुलने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाय," तो म्हणाला. "ढिलीच व्हती. हातानंच आली."

"एका हातानं?"

विपुलने मान हलवली.

बाहेर पोलिसांची गाडी आली होती, मंजुषा मॅडम कुणाला तरी डॉक्टर आणा म्हणून ओरडत होत्या. शिवतेज खुर्च्यांमध्ये आडवा पडला होता. हौसेराव त्याच्याशेजारी फरशीवर बसला. "हातानं," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायला लागला, एकामागून एक. मी त्याचे हात धरायला गेले. मला ते धरवले नाहीत.