चढायच्या दिवसाचा नाश्ता

तिने दुसरं अंडं पॅनच्या काठावर आपटलं आणि बलक फुटला. पिवळा ओघळ हॅमच्या कापाखाली शिरला आणि तिथेच चरचरून आवळला. चढायच्या दिवशी तिच्या हातून बलक कधी फुटलाच नव्हता असं नाही. तेवीस वर्षांत दोन-चारदा फुटला असेल, आणि तिने तो उलथन्याने सारखा करून मुकाट्याने वाढलाही असेल. आज मात्र ती गॅस बारीक करून नुसती बघत उभी राहिली.

"काय झालं?" टेबलापाशी बसलेल्या नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. अंडं फुटलं."

"अंडं फुटायलाच असतं."

तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर भांडण झालं असतं, आणि चढायच्या दिवशी भांडायचं नाही एवढं ती पाळत होती.

त्याचं काम चिमण्या चढण्याचं. कारखान्यांच्या चिमण्या, विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या, साठ, सत्तर, नव्वद मीटर उंच. कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळून दोराने वर जायचं, कुठे भेग पडलीय, कुठे लोखंड गंजलंय ते बघायचं, माथ्यावरचा लाल दिवा गेला असेल तर बदलायचा. मुलगी झाली तेव्हा त्याने तिला पहिल्यांदा हातात घेतलं आणि 'चिमणी' अशीच हाक मारली. शाळेच्या दाखल्यावर तिचं दुसरं नाव होतं, ते घरात कुणी उच्चारलंच नाही. आपल्याला दोन चिमण्या आहेत, एक पोटाला घालते आणि दुसरी पोटाला मागते, हा त्याचा विनोद आता मुलीएवढाच, म्हणजे बावीस वर्षांचा झाला होता. प्रत्येक नव्या पाहुण्याला तो ऐकावाच लागे.

चढायच्या दिवशी हॅम आणि अंडी, हा नियम त्याच्या वस्तादाने घालून दिलेला. त्यात भाविकपणा काही नव्हता, पोटाचा विचार होता. वर गेलेल्या माणसाच्या तोंडात दुपारपर्यंत काही पडत नाही. म्हणून जाड कापलेल्या हॅमचे दोन काप, त्यांच्याच चरबीत कडा तांबूस होईपर्यंत परतायचे, त्याच चरबीत दोन अंडी सोडायची, वर मिरपूड टाकायची. चहा मात्र अर्धाच कप. चिमणीच्या माथ्यावर वारा मिळतो, मोकळी हवा मिळते, सगळं गाव पायाखाली मिळतं, फक्त एका गोष्टीची सोय नसते. जे जमिनीवर राहणार त्यांच्यासाठी भाजलेला पाव, लोणी आणि हवा तितका चहा.

तिला तो वास आवडायचा, हीच तर पंचाईत होती. खारट, धुरकट, झोपलेल्या माणसाला उठवून बसवील असा वास. तोंडाला पाणी सुटायचं आणि त्याच क्षणी पोटात गोळा यायचा. तेवीस वर्षांत या दोन गोष्टी तिला वेगळ्या करता आल्या नव्हत्या.

आणि आजचा गोळा रोजचा नव्हता. आठ दिवसांपूर्वी तो बैठकीच्या खोलीत स्टुलावर उभा राहून बल्ब बदलत होता. नव्वद मीटरवर दिवा बदलणारा माणूस, दीड फुटाच्या स्टुलावर. त्याने हात वर केला आणि एकदम पडदा धरला. पडदा दांडीसकट खाली आला. तो पडला नाही, भिंतीला टेकत टेकत खाली बसला आणि डोळे मिटून म्हणाला, "खोली फिरतेय." डॉक्टरांनी कानात काहीतरी बिनसलंय म्हणून गोळ्या दिल्या. चढू की नको, हे विचारायला तो सोयीस्करपणे विसरला. त्या दिवसापासून ती त्याला रोज एकच वाक्य ऐकवत होती, आता चढू नका. तो रोज म्हणत होता, "बघू."

त्या 'बघू'चा अर्थ तिला काल संध्याकाळी कळला होता. वाळलेले कपडे काढायला ती गॅलरीकडे निघाली, तर तो तिथे फोनवर बोलत होता. "हो साहेब, उद्या चिमणी चढणार. नाही हो, शंकाच नको. चिमणी चढणार म्हणजे चढणार." ती कपडे न काढताच मागे फिरली. फ्रीज उघडला तर मुलीने हॅमची पुडी आणून ठेवलेली. म्हणजे बाप-लेकीचं सगळं आधीच ठरलेलं होतं आणि तिला विचारण्याची गरज कुणालाच वाटली नव्हती.

आता शेवटची आशा वाऱ्यावर होती. वारा जोराचा असला की काम रद्द होतं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर वाळत टाकली होती, आणि उठल्यापासून तिचं निम्मं लक्ष त्या चादरीकडे होतं. चादर मेली हलायला तयार नव्हती.

मुलगी केस घट्ट बांधत आत आली आणि खुर्ची ओढून बसली.

"आई, झालं का गं? भूक लागलीय."

"होतंय. वारा सुटणार आहे आज, असं वाटतंय मला."

"चादर मलाही दिसते, आई."

 मुलगी दोन वर्षं बापाबरोबर कामाला जात होती. खालचं काम होतं ते. दोर तपासायचे, वॉकीटॉकीवर बोलायचं, संध्याकाळी अहवाल लिहायचा. जमिनीवरून पाऊल उचलणार नाही, या अटीवर आईने होकार दिला होता, आणि बापाने तसा शब्द दिला होता. निदान तेवढा तरी घोर जिवाला नव्हता.

तिने फुटलेलं अंडं पॅनच्या एका बाजूला सारलं, नवं फोडलं. हे नीट बसलं. पांढऱ्याच्या कडा कुरकुरीत झाल्या, दोन्ही बलक गोल राहिले. हॅमचे काप, अंडी, मिरपूड. तिने बशी नवऱ्यापुढे ठेवली, मुलीपुढे आणि स्वतःपुढे पाव-लोणी ठेवलं, आणि किटली उचलून नवऱ्याचा कप अर्धा भरला.

"पूर्ण भर," तो म्हणाला.

"काय?"

"पूर्ण भर. काठापर्यंत."

किटली तिच्या हातात तशीच राहिली. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो कपाकडे बघत होता.

"म्हणजे, तुम्ही..."

"नाही चढत. आजच नाही, आता चढणारच नाही. साहेबांना सांगून टाकलं." तो जरा थांबून म्हणाला, "तू सांगितलंस, मी ऐकलं. वर्षातून एकदा ऐकतो मी."

तिला एकदम हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम करता येत नसल्यामुळे ती चहा ओतत राहिली. कप भरला, बशीतही सांडला. आठ दिवसांत पहिल्यांदा तिला सणकून भूक लागली. आपणही आज एक काप परतून घ्यावा, असा विचार तिच्या मनात येऊनही गेला. त्याच आनंदात तिने किटली मुलीच्या कपाकडे वळवली.

मुलीने कपावर हात आडवा धरला.

"मला अर्धाच, आई."

नवऱ्याने अंड्यांची बशी एका बोटाने हळूच सरकवली. अंडी थरथरली. बशी टेबलाच्या मधोमध आली, मग पलीकडे गेली, आणि मुलीच्या पुढ्यात थांबली.

काल फोनवर तो बोलला त्यात एक शब्दही खोटा नव्हता. चिमणी चढणार. तिने दुसऱ्याच चिमणीचं ऐकलं होतं.

ती खाली बसली. किटली कुणीतरी तिच्या हातातून घेतली, बहुधा मुलीनेच.

"तुम्ही शब्द दिला होता," ती नवऱ्याला म्हणाली.

"दिला होता."

"जमिनीवरून पाऊल उचलणार नाही म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. हिला मी चढ म्हटलं नाही गं. हीच म्हणाली, तुम्ही थांबता की साहेबांना चकरेचं सांगू. दोघांपैकी एकाने थांबायलाच हवं होतं."

"दोघांनीही थांबायचं! चिमण्या पडू देत की!"

तिचा आवाज चढला. मुलीने काटा खाली ठेवला.

"आई, तो मागचा कोर्स आठवतो? पाच आठवड्यांचा?"

"कागदपत्रांचा होता तो."

"कागदपत्रंही होती. बाकी वेळ दोरावर होते मी. पास झालेय. त्यानंतर साठ मीटरची चढलेय, दोनदा. बाबा खाली उभे होते."

साठ मीटर. दोनदा. असे दोन दिवस होऊन गेले होते आणि तिला कळलंही नव्हतं. त्या दिवशी ती घरात फिरली असेल, शेजारणीशी बोलली असेल, कुठल्याशा फालतू गोष्टीवर हसलीही असेल. ती मुलीकडे बघत राहिली. तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"तेव्हा काय खाऊन गेलीस?"

"हे काय, पाव-लोणी."

"पाव-लोणी खाऊन साठ मीटर चढलीस?"

"मग काय करणार? हॅम मागितलं असतं तर तुला कळलं नसतं?"

"आणि चहा?"

मुलीने बापाकडे पाहिलं. "पूर्ण कप. दोन्ही वेळा. तू आग्रह करून ओतलास, आई. पहिल्या वेळी मी खाली उतरले ते..." तिने वाक्य पुरं केलं नाही. नवऱ्याने तोंडावर हात धरला, पण खांदे हलायचे ते हललेच. आईला हसू आलं नाही. अर्धपोटी, दोराला लटकून, वर वारा, आणि पोटात आपणच ओतलेला चहा. तिला त्या दोन्ही सकाळी परत हव्या होत्या, निदान नाश्त्यापुरत्या तरी.

आता हिला अडवावं कसं? दार लावून घ्यावं, बूट लपवावेत, छातीत दुखतंय म्हणावं? सगळं तिच्या मनात येऊन गेलं. तुम्ही चढू नका, असं आठ दिवस ती सांगत होती. मग कोण चढणार, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. चादर अजून जागची हलली नव्हती.

ती उठली. पॅनमध्ये बाजूला सारलेलं फुटकं अंडं होतं, त्याच्या शेजारी हॅमचा आणखी एक जाड काप तिने टाकला. गॅस मोठा केला. काप आक्रसला, चरबी सुटली, कडा तांबूस झाल्या. तिने तो घाई न करता उलटला, दुसरी बाजूही तशीच होऊ दिली, आणि अंड्यासकट मुलीच्या बशीत नेऊन टाकला.

"एवढं कोण खाणार?"

"तू. बलक फुटलाय, पण चव तीच आहे."

मुलगी खायला लागली. घास मोठे, कोपर टेबलावर, पावाने बलक पुसून घेणं. भुकेच्या वेळी लहानपणीही ती अशीच जेवायची, आजूबाजूला कोण आहे याचं भान नसायचं. आई तिचे घास मोजल्यासारखी बघत होती. मुलीने बशी चकचकीत केली, अर्धा कप चहा दोन घोटांत संपवला, आणि जाता जाता आईच्या गालाला गाल लावला. गालाला हॅमचा वास होता.

"दोर गाडीत टाकते, बाबा. या तुम्ही."

जिन्यावर तिची पावलं वाजली. दोन-दोन पायऱ्या सोडून उतरत होती. सावकाश उतर, असं ओरडायला आईने तोंड उघडलं आणि मिटलं.

नवरा बूट घालत होता. नाडी बांधून झाली तरी तो वाकलेलाच बसून राहिला. मुलीने आपल्यातला त्याच्याकडे सरकवलेला पाव त्याने मोडलासुद्धा नव्हता. काठापर्यंत भरलेल्या चहावर साय धरली होती.

"खाल्लं नाहीत," ती म्हणाली.

"आत्ता नको. घशाखाली उतरायचं नाही. ती खाली आली की खाईन."

तिने पावाला लोणी लावलं, दोन तुकडे एकमेकांवर ठेवून कागदात गुंडाळायला घेतले.

"तीन वाजतील," ती म्हणाली.

"वाजू देत."

"कधी कधी पाच वाजतात. अंधार पडायला येतो. मग भूकच मरते."

हे हिला इतकं नेमकं कसं ठाऊक, असं तो विचारणार होता. तोंड उघडून तो तिच्याकडे बघत राहिला.

"मी खाली उतरलो की फोन करायचो," तो सावकाश म्हणाला. "जेवलीस का, विचारायचो. तू म्हणायचीस, केव्हाच."

"म्हणायचे."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. तो उठला, भिंतीचा आधार न घेता उठला. तिने कागदाची पुडी त्याच्या जाकिटाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

"ती उतरली की आधी मला फोन करा," ती म्हणाली. "मग खा."