माहेरची कासवी

बायाचं माहेर लोणावळ्याच्या बाजूला होतं. म्हणजे धरणाचं पाणी चढेपर्यंत होतं. गाव उठलं आणि तिचा बाप आंदर मावळात लेकीकडे आला तो डोक्यावर पाटी घेऊन. पाटीत ओलं गवत, गवतात गावच्या तळ्यातली कासवी.

"हिला तुज्या तळ्यात सोड," तो म्हणाला. "आन् हिच्यावानीच ऱ्हा. काय बी आलं तर अंग चोरायचं, तोंडातनं ब्र काढायचा न्हाई. त्यानंच जीव वाचतोय."

त्याच साली म्हातारा गेला. बायाला माहेर म्हणून उरली ती एवढी कासवी.

बाया धुणं आपटायला बसली की कासवी काठाशी येई, भाकरीचा तुकडा मटकावी आणि कुणी नुसतं खाकरलं तरी बुडी मारी. पण चैत्रात तळं आटलं. वाडीतली माणसं चिखलात मासे-खेकडे चाचपू लागली, आणि कासवाचं कालवण कुणाला नको असतं? एका पहाटे बायाने पाहिलं, कासवी खुरडत वर आली आणि त्यांच्याच खाचराच्या मऊ कोपऱ्यात माती उकरून आत शिरली. आता पावसापर्यंत तिथेच झोपणार. बायाने वर खुणेचा दगड ठेवला. सांगितलं मात्र कुणालाच नाही, नवऱ्यालाही नाही. नवसूही खाणाराच की!

मग ती करवंदांची पाटी घेऊन लोणावळ्याला गेली. तिथे मुक्काम पडला. परतली तर बांधावरूनच धूर दिसला.

नवसूने भाताच्या रोपांची जमीन भाजायला नेमका त्याच कोपऱ्यात राब रचला होता. शेण, फांद्या, पाला, वर माती. आणि पेटवलाही होता. दगड उचलून बांधावर फेकला होता. राबात दगड कोण ठेवील?

"अवं, इझवा! खाली माजी कासवी हाय!"

"कशानं इझवू? तळ्यात चूळभर पानी न्हाई." तरी तो कुदळ घेऊन धावला आणि धग लागताच मागे सरला. "आदी का न्हाई बोललीस, बाया? दुसरीकडं रचला असता की."

राब सावकाश जळतो, तसाच जळत राहिला. तिचा जीव तुटत होता आणि हातांना करण्यासारखं काही नव्हतं.

राख निवल्यावर दोघांनी खणलं. कासवी चार बोटं खालीच होती, भाजून मेलेली. डोकं आत, पाय आत, मागच्या पायांवरच्या कातडी झडपा घट्ट मिटलेल्या.

बापाचं सांगणं दोघींनी तंतोतंत पाळलं होतं.