दुसरी मोजणी

मित्रांनो, मी एक जुना सामूमापक आहे. म्हणजे माती किती आंबट आहे, ते मोजणारं यंत्र. माझ्या अंगावर ‘नादुरुस्त’ असा कागद डकवलाय. डकवला त्या दिवशी तो साफ खोटा होता. आता भांडायचं त्राण नाही, म्हणून नुसतं सांगतो.

माझा जीव एका काचेच्या कांडीत आहे. तिच्या टोकाचा पातळ फुगा सदा ओला ठेवावा लागतो. कारखान्यातून निघालो तो थेट माती परीक्षणाच्या या खोलीत आलो. कुरकुरणारा पंखा, डागाळलेलं टेबल आणि चष्म्याला दोरी बांधलेल्या बाई. बावीस वर्षं बाईंनी मला रोज धुतलं, टिपलं आणि टोपीत खाऱ्या पाण्याचे चार थेंब घालून झाकलं.

बाई प्रत्येक माती दोनदा मोजायच्या. आधी पाण्यात कालवून. मग तिच्यात एक ठरलेलं द्रावण घालून, अर्धा तास थांबून. माती आंबट आहे का, ते पहिल्या मोजणीत कळतं. तो आंबटपणा घालवायला चुना किती लागेल, ते दुसरीत. चिकणमाती आंबटपणा पोटात दडवून ठेवते, तिला चुना जास्त. वाळूसर मातीच्या पोटात फारसं काही नसतं, तिला थोडक्यात भागतं.

बाई निवृत्त झाल्या. नवे साहेब आले. “अर्धा तास कोण थांबतंय? आंबट ती आंबट. लिहा एकरी दोन टन!” सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर तेच.

एक काकू दोन पिशव्या घेऊन आल्या. एक दिराच्या चिकण शेताची, दुसरी त्यांच्या स्वतःच्या नदीकाठच्या तुकड्याची. तेवढाच तुकडा त्यांचा. त्यातल्या भाजीवर त्यांचं घर चालायचं. दोन्ही मातींचा आकडा मी सांगितला, पाच पूर्णांक दोन. अगदी खरा. पुढचं मला कुणी विचारलंच नाही.

दिराचं शेत तरारलं. काकूंची भाजी पिवळी पडली. चुना जास्त झाला की मातीत असलेलं लोहसुद्धा पिकाला मिळत नाही. काकूंनी पिवळा पाला आणून टेबलावर टाकला.

“पाणी जास्त झालं असेल, काकू.”

“पाण्याचं मला शिकवू नका. दिराच्या चिकणमातीला दोन टन अन् माझ्या वाळूलाही दोन टन? शेताला चुना मी लावला, मला तुम्ही लावलात!”

“आकडा यंत्राने दिलाय.”

“त्याने आंबट म्हणून सांगितलं. दोन टन कुणी सांगितलं? आधीच्या बाई अर्धा तास बसवून ठेवायच्या, तो काय गप्पा मारायला?”

साहेबांनी पेन फिरवलं.

“बरं, आता हा चुना काढायचा कसा?”

“काढता येत नाही.”

“मग किती वर्षं?”

“तीन... चारही लागतील.”

काकू पाला गोळा करून निघून गेल्या. संध्याकाळी माझ्यावर कागद चढला आणि मी कपाटात गेलो. चूक कुणाची, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. टोपीत चार थेंब घालायची आठवण मात्र कुणाला झाली नाही. फुगा सुकला, वर मिठाची खरपुडी धरली. खोटा कागद हळूहळू खरा होतोय.

टेबलावर नवं यंत्र आहे. चकचकीत आहे बिचारं. त्यालाही एकच प्रश्न विचारतात.

आज काकू पुन्हा आल्यात, दुसऱ्या एका जावेच्या शेताची माती घेऊन.

“चिठ्ठी उद्या न्या, काकू.”

“बसलेय मी. दुसरी मोजणी झाली की उठेन.”

साहेबांनी तोंड वाकडं करून द्रावण ओतलंय.

मित्रांनो, यंत्राची टोपी ओली ठेवा, एवढंच खरं तर मागणार होतो. माझ्यासाठी उशीर झालाय, त्या नव्यासाठी ठेवा. पण कुणी एका मोजणीवर तुमच्या मातीचा निकाल लावायला निघालं, तर जागचे हलू नका. कपाटाच्या काचेतून मला घड्याळ दिसतंय. वीस मिनिटं झाली. काकू बाकावरच आहेत.