दोन ब्रेकांची गाडी

आमचे मास्तर, म्हणजे माझा नवरा, घरात खुर्चीवर बसले तरी पाय जमिनीत दाबतात. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो ना, त्याची ही सवय. अख्ख्या गावाला गाडी शिकवलेला माणूस.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय पार थकलं. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे छातीत पंप, पोटातून बाहेर आलेली वायर आणि अंगावर वागवायच्या बॅटऱ्या. दुसरी म्हणजे गेलेल्या कुणाचं तरी हृदय, पण ते मिळेल तेव्हा.

"यातलं चांगलं कुठलं?" मी विचारलं.

"दोन्ही चांगलीच, पण..." डॉक्टर म्हणाले, आणि ते 'पण' काही संपेचना. पंपात गुठळी होते, वायरीपाशी जंतू शिरतात. दुसऱ्याचं हृदय शरीर हाकलून लावायला बघतं, जन्मभर गोळ्या. माझं डोकं भणभणलं. अरे, मग नक्की काय करू ते सांगा ना एकदाचं!

मास्तरांनी पंप घेतला. हृदयाच्या यादीत नाव घातलं ते माझ्या कटकटीमुळे.

"अगं, ते हृदय येणार कुठून? एखाद्या अपघातातूनच ना? आणि इथे माझ्याकडे न शिकलेला आहे कोण?"

"काहीतरीच तुमचं," मी म्हटलं. मनात मात्र पाल चुकचुकलीच.

पंपाबरोबर संसार सुरू झाला. झोपताना त्यांना भिंतीतल्या प्लगला जोडायचं. पंप रक्त सलग ढकलायचा, म्हणून मनगटाला नाडी लागायची नाही, छातीला कान लावला की नुसती घरघर. मी म्हणायचे, "फ्रिजशी लग्न झालंय माझं." ते हसायचे. मग पंपातच गुठळी झाली आणि आम्ही पुन्हा दवाखान्यात.

तिथे एका दुपारी डॉक्टर घाईघाईने आले. "हृदय मिळतंय. लगेच हो-नाही सांगा."

"कोणाचं?" मास्तरांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"कसा गेला, एवढं तरी?"

"तेही नाही."

"मग नको. पंपच बदलून द्या."

डॉक्टर म्हणाले, बदलता येईल, पण या अवस्थेत धोका फार. ते निघाले, तशी मी त्यांच्या मागोमाग बाहेर गेले आणि परत आले.

"विचारलं मी," म्हटलं. "एक बाई होती. घरातच कोसळली, डोक्यातली नस फुटली. गाडी कधी चालवलीच नाही हो तिने. सायकलसुद्धा नाही."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. "सायकलसुद्धा नाही?"

"नाही."

"बोलव त्यांना. सही करतो."

आता त्यांना नाडी आहे. मी येताजाता मनगट धरते आणि दरवेळी दचकते. परवा ते ऑपरेशननंतर पहिल्यांदा शिकवायला गेले. दगदग नको म्हणून मी मागच्या सीटवर ठाण मांडलं. शिकणारी मुलगी उतरून गेली, तसे मास्तर पुढे बघतच म्हणाले, "त्या दिवशी दवाखान्यात खोलीच्या दाराला काच होती. तू बाहेर भिंतीकडे तोंड करून उभी होतीस. कोणाला काही विचारलं नाहीस."

"मग सही का केलीत?"

"जगायचं होतं गं मला."

त्यांच्यावर चिडावं की त्यांच्या गळ्यात पडून रडावं, मला काही कळेना. एवढा माणूस समोर धडधाकट बसलाय, आणि मला धड आनंदही होत नव्हता.

तेवढ्यात समोरून एक टेम्पो गेला. चालवणाऱ्याने मास्तरांना बघून हॉर्न दिला, हात केला. त्यांचा जुना विद्यार्थी.

"हा आहे अजून," मास्तर हळूच म्हणाले.

मागून एक स्कूटरवाली गेली. तिलाही त्यांनीच शिकवलेलं.

"हीपण आहे," मी म्हटलं.

अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच रस्त्याकडे बघत बसलो.