उसना दम

"ओठ घट्ट मिटा आणि फुंका. जोरात, एका दमात!" नर्स म्हणाली.

भात्याने नळी तोंडात धरली. वेल्डिंग खात्यात त्याला सगळे भात्याच म्हणत. दरवर्षी कारखान्याच्या आवारात छातीची तपासणी व्हायची, आणि ज्याचा दम पुरत नसे त्याच्या नावाने भात्या फुंकून यायचा. नर्स दरवर्षी नवी, कार्डावर फोटो नाही, आणि धुराने काळवंडलेले चेहरे सगळे सारखेच. नापास झालेल्याला वेल्डिंगवरून काढत, आणि तेच तर कुणाला नको होतं. आपण चार जणांचं भलं करतो, अशी भात्याची पक्की समजूत.

आज त्याच्या हातात मेहुण्याचं कार्ड होतं. मेहुण्याला जिना चढला तरी धाप लागायची.

भात्याने फुंकलं. मध्येच छातीत कुणी दार लावून घेतल्यासारखं झालं. तो खोकत वाकला.

"पुन्हा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर त्याहून कमी.

"निम्माच दम उरलाय हो तुमच्यात," नर्स हळू आवाजात म्हणाली. "किती वर्षं ओढताय हा धूर? उद्यापासून वेल्डिंग बंद. आणि मोठ्या डॉक्टरांना आजच दाखवा."

बाहेर मेहुणा भिंतीला टेकून उभा होता. "झालं ना दाजी? तुम्ही असताना मला कसला घोर!"

भात्या घाबरला होता, लहान पोरासारखा घाबरला होता. त्याची स्वतःची तपासणी अजून व्हायचीच होती. आपल्या नावाने फुंकायला कुणी मिळतंय का, म्हणून त्याने रांगेवरून नजर फिरवली. रांगेतला जो तो आशेने त्याच्याचकडे बघत होता.

"दाजी, चेहरा का पडलाय?"

"तुझ्या ताईला इतक्यात काही बोलू नकोस."

तेवढ्यात आतून भात्याचं नाव पुकारलं गेलं. तो आत गेला. नर्सने मान वर केली. "अहो, तुम्ही तर आत्ताच येऊन गेलात!"

"हो सिस्टर. मघाची छाती माझी होती. ती माझ्या नावावर लिहा." त्याने दारातून मेहुण्याला दंड धरून आत ओढलं. "याची तपासायची राहिलीये."

"दाजी, नको ना," मेहुणा कुजबुजला. "मला भीती वाटते."

"मलाही," भात्या म्हणाला, आणि त्याने त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.