डॅनीचा आवाज

धनंजयचे कैलासवासी वडील कुडाळकडचे नावाजलेले भजनी बुवा. त्यांचं म्हणणं असं, की माणसाचा चेहरा बदलतो, चाल बदलते, पण गळा काळोखातही ओळखू येतो. अशा बापाचा हा मुलगा दुबईच्या बर दुबई भागातल्या एका हॉटेलच्या पबमध्ये वीस वर्षं 'डॅनी' या नावाने इंग्रजांना इंग्रजांचीच गाणी ऐकवत होता. नशीब कुणाला कुठे नेऊन बसवेल सांगता येत नाही, आणि धनंजयला त्याने गिटार देऊन उंच स्टुलावर बसवलं होतं.

गाणी सगळी दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. तेव्हा विलायतेत काय हवा सुटली होती कोण जाणे. पोरगी सोडून गेली की तिकडचे गायक पियानोशी बसून असे कळवळायचे, की ऐकणाऱ्याला आपलंच कुणी गेलं असं वाटावं. त्या काळात पंचविशीत असलेले गोरे इंजिनीयर आता पन्नाशीला टेकले होते, पोटं सुटली होती, पण ती गाणी लागली की त्यांचे डोळे भरून येत. आणि गाणी त्यांना रेकॉर्डवर होती तशीच हवी असत. श्वाससुद्धा तिथेच घ्यायचा. धनंजय तिथेच घ्यायचा. बुवांकडून आलेला खणखणीतपणा त्याने घासून घासून काढून टाकला आणि त्या जागी साहेबाचा आवाज बसवला. तो इतका हुबेहूब, की त्याची बायको समिधा लग्नानंतर पहिल्यांदा ऐकायला आली तेव्हा म्हणाली, "मला वाटलं, रेकॉर्डच लावलीय." त्याला ती शाबासकी वाटली होती.

घात केला तो डबलबारीने. कोकणात दोन बुवा समोरासमोर बसून भजनं म्हणतात. एकाने पट्टी चढवली की दुसऱ्याने त्याच्यावर चढवायची, मागे हटायचं नाही. गेल्या हिवाळ्यात हॉटेलने शनिवारच्या ब्रंचला दुसरा एक बँड आणला. एक गाणं त्यांचं, एक यांचं. धनंजयचा घसा आधीच सुजलेला, डॉक्टरांनी महिनाभर मौन पाळायला सांगितलेलं. पण समोरच्या गायकाने वरचा सूर लावला, टाळ्या पडल्या, आणि धनंजयच्या अंगात बाप संचारला. त्याने कीबोर्डवाल्याला खूण केली, पट्टी चढवली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा ते इंग्रजी गाणं स्वतःच्या गळ्याने म्हटलं, मोकळ्या, भजनी गळ्याने. एका साहेबाने वेटरला विचारलं, डॅनीला बरं नाहीये का? दुसऱ्या कडव्यात घशात काहीतरी फाटलं आणि तोंडात रक्ताची चव आली.

ऑपरेशन झालं. त्यानंतर फाटक्या भात्यातून वारा यावा तसा आवाज उरला. तोही दोन हातांवर बसलेल्यालाच ऐकू जाईल असा. गाणं खलास, हे डॉक्टरांनी त्याला एकट्याला सांगितलं आणि त्याने ते घरी सांगितलं नाही. मॅनेजर मनाने बरा माणूस होता. म्हणाला, "डॅनीभाई, बँड तो बंद कर रहे हैं. कराओके चलाओगे? विझा चालू रहेगा."

म्हणजे आता गिऱ्हाइकं गाणार आणि डॅनी मशीन चालवणार. त्याने ते पत्करलं. दारूने जडावलेल्या आवाजात त्याचीच गाणी लोक बडवत होते आणि तो मुकाट्याने पुढचं गाणं लावत होता. एकाच आशेवर तो तग धरून होता: कुणीतरी एक दिवस म्हणेल, तो आवाज कुठे गेला, तो नाही तर मजा नाही.

घरी समिधा हळदीचं दूध करायची. "येईल हो परत. इन्शाल्ला म्हणतात ना इथले, तसंच. तुमचा आवाज मी लाखात ओळखेन." मुलगी श्रिया मान वर न करता म्हणायची, "बाबा, जस्ट टेक्स्ट मी. इट्स फाइन."

एका शनिवारी दुपारी अबू धाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीतला एक साहेब, पबचं जुनं गिऱ्हाईक जेफ, वर्षभराने आला. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. "डॅनी, आपलं गाणं," म्हणत त्याने माइक धनंजयच्या हातात कोंबला आणि सगळा पब "डॅनी, डॅनी" करत टेबलं वाजवू लागला. धनंजय नाही म्हणाला, पण त्या गदारोळात ते कुणाला ऐकू गेलं नाही. गाणं सुरू झालं. मशीनला एक बटण असतं, मूळ गायकाचा आवाज चालू करायचं. धनंजयने ते दाबलं, माइक बंद केला आणि नुसते ओठ हलवले. श्वास बरोबर तिथेच घेतले. ओठ हलवताना तो एकेक चेहरा बघत होता, कुणाच्या तरी कपाळाला आठी पडेल म्हणून.

पडली नाही. लोक रडले, नाचले, मोबाइल वर धरून त्यांनी शूटिंग केलं. जेफने त्याला मिठी मारली आणि सांगितलं, इतका सुंदर तू कधीच गायला नव्हतास. धनंजयला वाटलं, जमीन दुभंगावी. मग वीस वर्षं आपण कशासाठी घसा झिजवला? असं बटण तर पहिल्या दिवशीही मिळालं असतं.

तरी घरी जाताना अब्रा म्हणतात त्या होडीत बसून खाडी ओलांडताना त्याने मनाची समजूत घातली. साहेबांना काय कळतंय. घरी आपलं माणूस आहे.

दार उघडलं तर समिधा हातात मोबाइल घेऊन उभी. डोळे लाल. हॉटेलने तो व्हिडिओ टाकला होता.

"आवाज आला तुमचा," ती म्हणाली. "मला सांगितलंत का नाही? मी तीनदा ऐकला. म्हटलं होतं ना, लाखात ओळखेन."

तिने पुन्हा लावला. विलायतेतला कुणी अनोळखी माणूस तिच्या तळहातावर कळवळून गात होता आणि ती नवऱ्याकडे लग्नातल्यासारखी बघत होती. आपला गळा ओळखणारं आता जगात कुणी नाही, हे धनंजयला कळून चुकलं. हा मी नाही, एवढंच सांगायला त्याने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

समिधाने पटकन त्याच्या ओठांवर हात ठेवला.

"नका बोलू. आज एवढं गायलात, घशाला आराम द्या," ती म्हणाली आणि दूध गरम करायला आत गेली.