चष्मेवालं भूत

आमच्या आत्याला नाटकांत आयुष्यभर मोलकरीण, शेजारीण नाहीतर गर्दी, एवढंच मिळत आलं. त्यामुळे एका जुन्या गाजलेल्या भूतकथेवरच्या नव्या मालिकेत तिला चक्क भुताचं काम मिळालं, तेव्हा ती घरभर मिरवली. बाबांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या मोठ्या भावाने, पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

"बरं झालं. रंगरंगोटीचा खर्च वाचला," एवढंच म्हणाले.

बाबांनी तिचं एकही काम आजवर पाहिलेलं नव्हतं. तिचं नाटक असलं की नेमकी त्यांची कंबर धरायची.

"हे तरी बघशील ना रे, दादा?" आत्याने हसत विचारलं, पण तिचं हसू मला चांगलं ओळखता येतं. "आता तर घरातल्या घरात आहे. कंबरेला काय होणार?"

बाबा अडकले.

मूळ गोष्टीत माळावरचं ओसाड घर आणि कंदील होता. दिग्दर्शक पडला नव्या जमान्याचा. त्याने लिफ्टची इमारत घेतली, कंदिलाच्या जागी मोबाइलचा टॉर्च आणला आणि शेवटी ठरवलं की भूत दाखवायचंच नाही. हे मात्र आत्याला कळवायला तो विसरला. आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. दिवे लुकलुकले, फोन थरथरला, पडदा हलला. भुताचा पत्ता नाही.

"तू कुठे आहेस यात?" बाबा म्हणाले.

"तो पडदा हलला ना, त्याच्या मागे."

"छान हलवलास हो."

मी बाबांना कोपराने ढोसलं. आत्याचा चेहरा एवढासा झाला होता.

मग नायिका स्वयंपाकघरात कॉफी करायला गेली. तिच्या मागे, पॅसेजच्या टोकाला, खुर्चीवर पांढऱ्या गाऊनमधली एक बाई बसलेली होती. चेहरा पांढराफटक, डोळ्यांवर चष्मा. नायिका कॉफीचा कप घेऊन तिच्या समोरून निघून गेली, वळूनही न बघता. बाई तिच्याकडे नुसती बघत राहिली.

"अगं, ती बघ! ती बघ!" बाबा किंचाळले. त्यांचा चहा कलंडला आणि त्यांनी आत्याचं मनगट घट्ट धरलं.

आत्या पार ओशाळली. "अरे, मीच ती. गुडघे दुखत होते म्हणून टेकले होते जरा. कॅमेरा चालू आहे हे कुणी सांगितलंच नाही. एवढं कापायचं राहिलं वाटतं."

मी पोट धरून हसले, आणि मध्येच थांबले. आमच्या पॅसेजमध्ये आत्या रोज संध्याकाळी अशीच बसते, आणि आम्ही आपापले कप घेऊन तिच्या समोरून जातो. मला लाज वाटली.

बाबांनाही ते दिसलं असावं. मनगट काही त्यांनी सोडलं नाही.

"चष्मा काढायचास ना," ते म्हणाले. "भुताला कशाला चष्मा?"

"म्हणजे नीट पाहिलंस तू!" आत्या म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पॅसेजमध्ये दोन खुर्च्या होत्या. बाबा म्हणाले, कंबरेला ही जागा बरी पडते.